एकसष्ट

पंचेचाळीसपर्यंत कोणालाही खोटं बोलता येतं.
हातानं ओढा, कंबर आधी उचला,
टाचा हवेत, डोळे मिटलेले,
तरी बार जातो डोक्यावर
आणि दाराशी उभी पोरं टाळ्या वाजवतात.

मी दोन वर्षं तशीच बोलले.

बंद पडलेल्या जिनिंगचं शेड,
हिंगणघाटच्या अलीकडे नऊ किलोमीटर.
पत्र्याच्या सांध्यांत अजून रुई अडकलेली.
डोमाजी भोयर इथेच काट्यावर होते बत्तीस वर्षं.
कापसाच्या गाडीकडे नुसतं बघून सांगायचे
कुठल्या बोऱ्यात किती पाणी मारलंय.
माझ्याकडे बघूनही तेच सांगितलं :
"साठच्या वर पाणी चालत नाही, पोरी."

एकसष्ट पाच वेळा पडला.
पुढे. पुढे. पुढे. एकदा मागे. पुन्हा पुढे.
मी म्हटलं, काका, ताकद कमी पडते,
अंडी वाढवते, स्क्वॉट वाढवते.
ते काहीच बोलले नाहीत. प्लेटा काढल्या, बार काढला
आणि कोपऱ्यातली एक तुराटी हातात दिली.
वाळलेली, सरळ, वजन म्हणावं तर नाहीच.
"हे मोडली, त समज तू हातानं ओढलं."

पहिल्या आठवड्यात अकरा मोडल्या.
आईनं चुलीत घातल्या.
"जळतन डोक्यावर धरून पदक भेटते काय वं?"

वैशाख. पहाटे पाचलाच पत्रा कोमट.
"हात म्हणजे दोर," काका म्हणत.
"दोरच ओढाले लागला
त बैलानं काय करावं?"
आणि दुसरं एक, रोज, तंबाखू मळता मळता :
"गुडघ्यालोक घाई नाही.
गुडघ्याच्या वर दया नाही."

मग एका सकाळी, तुराटी डोक्यावर, मी खाली बसलेली,
टाचा पुन्हा सुटलेल्या,
तेव्हा त्यांनी विचारलं,
"तुही माय निंदाले कशी बसते?
टाचा उचलते का ते?"

मी घरी गेले आणि दोन दिवस
आईच्या मागे मागे तासात बसले.
विळा नाही, काही नाही, नुसती बसले.
तिचे तळवे मातीत असे टेकलेले
की जसे तिथेच उगवलेत.
"काय पाहून राहिली?"
काही नाही, म्हटलं. बसणं पाहते.

आता कळलेलं सांगते, जमलेलं नाही :
चाळीस छातीपर्यंत येतो.
पन्नास त्याच्याखाली थांबतो.
एकसष्ट तर बेंबीच्या चार बोटं वर येतो
आणि तिथून पुढे येतच नाही.
मी आजवर तिथे त्याची वाट बघत उभी होते.
तो कोणाचाच नसतो तेवढा वेळ,
ना जमिनीचा, ना माझा.
तेवढ्यातच खाली जायचं असतं.
वजन वाढतं तसं आणखी वर नाही,
आणखी खाली.
हे शाळेत कोणी सांगितलं नाही मला.

जेठ लागायच्या आदल्या दिवशी प्लेटा परत चढल्या.
शाळेतल्या खडूचा चुरा हाताला.
बार नडगीला चाटून निघाला, मांडीला लागला,
आणि नेहमीचं ते ठण्ण झालंच नाही.
मी तासात बसले होते, तळवे टेकून,
आणि वर एकसष्ट किलो,
एखाद्या मोठ्या माणसानं गप्प बसावं तसे.

उठताना जरा डगमगले. उठले.

काका बारकडे बघतच नव्हते.
चटईवर उमटलेल्या खडूच्या पावलांशी उकिडवे बसले होते.
"डावा पाय दोन बोटं पयाला."

जिनिंगचं जुनं मापाचं रजिस्टर काढलं.
वजन : एकसष्ट.
कडत्याच्या रकान्यात : डावा पाय.

उद्या बासष्ट? मी विचारलं.
त्यांनी कोपऱ्याकडे मान वळवली.
तिथे तुराट्यांची नवी पेंढी होती, उंचीला सारख्या कापलेल्या,
आणि तिला पराटीच्या सालीची जी गाठ होती
ती आमच्या घरी
एकाच माणसाला मारता येते.